झेल घेतल्यावर काय करू नये

सुमैय्या मुकादमला फुटबॉल खेळता येतो हे तिच्या क्लबाला कळायला चार मोसम लागले. कुणाकुणाच्या नमनाला घडाभर तेल लागतं म्हणतात. सुमैय्याच्या नमनाला अख्खा घाणा लागला, आणि तेवढा वेळ ती बाकावर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. हा ऑस्ट्रेलियातला, सोललेल्या नारळासारख्या लांबट चेंडूचा. यात चेंडू लाथाडता येतो, झेलता येतो, घेऊन पळताही येतो. फक्त फेकता येत नाही. मैत्रिणीला द्यायचा तर एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारायचा. फेकलात की शिट्टी, आणि चेंडू समोरच्या संघाकडे. मात्र कुणी लाथेने उडवलेला चेंडू स्वच्छ झेललात तर सगळ्यांनी मागे सरायचं आणि तुम्हाला निवांत लाथ मारू द्यायची. एवढं कळलं की बाकीचं कळलं नाही तरी चालतं. प्रेक्षकांतल्या निम्म्यांना तेवढंही कळत नसतं.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका खोक्यांच्या कारखान्यात सुमैय्या अकाउंट्स बघायची. तिथल्या केलीने, म्हणजे मेलबर्नहून आलेल्या मॅनेजरबाईंनी, एकदा लंचला विचारलं, "सुमी, आमच्या टीमला एक मुलगी कमी पडतेय. येतेस?" सुमैय्याने तिशी ओलांडलेली, घरी हिबा नावाची पोर. तिला वाटलं, तेवढंच वजन उतरेल. ती गेली, फुल बाह्यांचा टी-शर्ट आणि डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून, आणि पहिल्याच संध्याकाळी हातात आलेला चेंडू तिने झोकात फेकून दिला. शिट्टी. पुन्हा आला, पुन्हा फेकला. पुन्हा शिट्टी.

दोष तिचा नव्हता, शारजातल्या पार्किंगचा होता. अल मजाजच्या इमारतींमागे तिच्या लहानपणी वाळूची मोकळी जागा असायची आणि तिथे तिचे तिघे भाऊ टेप लावलेल्या टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचे. बॅटिंग भावांची, बोलिंग भावांची, आणि सुमैय्या कायम लांब, कचऱ्याच्या पेटीपाशी फिल्डिंगला. गाड्यांच्या टपांवरून, उन्हात डोळे बारीक करून, तिने इतके झेल घेतले की उंच चेंडू कुठे पडणार हे तिच्या पायांनाच कळायचं. झेल घेतला की चेंडू आभाळात भिरकावायचा आणि भावाच्या तोंडावर "खलास!" म्हणून ओरडायचं. बॅट कधी हाती लागली नाही. ते भिरकावणं मात्र तिचं एकटीचं होतं, आणि त्यावर ती सगळं बालपण खूश होती.

म्हणून तर गेल्या वर्षी घात झाला. केलीने अखेर तिचा झेल ओळखला आणि तिला आपल्या गोलच्या तोंडाशी उभं केलं. "फक्त झेल आणि थांब," एवढंच सांगितलं. सुमैय्या झेलत राहिली, संघ जिंकत राहिला. सेमीफायनलला शेवटच्या मिनिटात तिने दोघींच्या डोक्यांवरून एक असा झेल घेतला की अख्खं मैदान उभं राहिलं. आणि सुमैय्याने आनंदाने चेंडू आभाळात भिरकावला.

शिट्टी वाजली. चेंडू समोरच्या संघाला मिळाला, तोही गोलच्या तोंडाशी. त्यांनी गोल केला आणि सामना गेला. दैव देतं आणि कर्म नेतं ते असं. मैत्रिणी रागावल्या नाहीत, उलट खूप हसल्या, आणि तेच सुमैय्याला जास्त लागलं. गाडीत बसल्यावर ती रडली. या वर्षीचे शेवटचे सामने जवळ आले तेव्हा, पुन्हा असं झालं तर बूट कायमचे काढून ठेवायचे, असं तिने नवऱ्याला, अहमदला, सांगून टाकलं.

हे ऐकलं सासूबाईंनी. नूरजहाँ अम्मी मूळच्या राजापूरच्या, गुडघ्यांनी थकलेल्या, जिभेने नाही. सून चड्डीवाल्या बायकांबरोबर चिखलात लोळते, अशी त्यांची या खेळाबद्दलची समजूत होती, आणि वाळवंटात चिखल कुठून येणार हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं. पण घरातली बाई रडून एखादी गोष्ट सोडते, हे त्यांना त्याहून नापसंत होतं.

"नक्की चुकतं काय तुझं?" त्यांनी विचारलं.

"झेलते, अम्मी. मग हात आपोआप वर जातो."

"आपोआप?" अम्मींनी टोपलीतला कांदा उचलला आणि थेट तिच्याकडे टाकला. सुमैय्याने झेलला आणि पुढच्या क्षणी कांदा पंख्याला लागून सोफ्यामागे गेला.

अम्मी उठल्या, फ्रिज उघडला, एक अंडं काढलं. "यल्ला, आता हे उडव बघू."

अंडं आलं. सुमैय्याने ते झेललं, हात वर निघाला, आणि मध्येच थांबला. गालिचा नवा होता. तिने अंडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि श्वास सोडला.

त्या दिवसापासून मुकादमांच्या हॉलमध्ये प्लास्टिक अंथरून रोज संध्याकाळी अंड्यांची प्रॅक्टिस. अम्मी खुर्चीत बसून फेकायच्या, कधी समोरून, कधी दाराआडून दगाबाजीने. "दादी, दॅट्स सो ग्रॉस!" हिबा ओरडायची आणि प्रत्येक फुटलेल्या अंड्याला टाळ्या वाजवायची. अहमदने महिनाभर ऑम्लेट खाल्लं आणि हूं की चूं केलं नाही. शहाणा माणूस.

मार्चमध्ये फायनल आली, समोर अबू धाबीचा संघ. केलीने सुमैय्याला बाजूला घेतलं. "सुमी, मला काही जणींनी सांगितलंय की आज तुला बसव. मी नाही बसवत. पण तू..."

"नाही फेकणार," सुमैय्या म्हणाली.

अम्मी पहिल्यांदाच आल्या होत्या, घडीची खुर्ची, खापरोळ्यांचा डबा आणि हिबा घेऊन. पहिला अर्धा तास त्यांनी "या बायका एकमेकींना पाडतात का?" एवढंच विचारलं. नंतर विचारेनाशा झाल्या आणि स्वतःच कुणाला पाडायचं ते ओरडून सांगू लागल्या.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा सुमैय्याचा संघ जेमतेम दोन गुणांनी पुढे होता, आणि एका गोलचे गुण सहा. अबू धाबीच्या एकीने लांबून जीव खाऊन लाथ मारली. चेंडू उंच गेला, कलत्या उन्हात शिरला, आणि गोलच्या तोंडाशी उतरू लागला. खाली चौघीजणी उड्या मारायला सज्ज. सुमैय्याने डोळे बारीक केले. पायांना कळलं. ती दोन पावलं मागे गेली, उडाली, आणि चेंडू तिच्या दोन्ही हातांत येऊन बसला.

तिच्या मैत्रिणींनी अक्षरशः तोंडावर हात ठेवले होते. सुमैय्याचा हात वर निघाला. तिला तो निघालेला दिसत होता.

"अंडं!" दोरीपलीकडून अम्मींचा आवाज आला, राजापूरच्या बाजारात ऐकू जाईल असा. "सुमैय्या, अंडं आहे ते! अंडं!"

हात थांबला. सुमैय्याने चेंडू छातीशी ओढला, त्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले. पंचाने झेलाची शिट्टी दिली, सगळ्या मागे सरल्या, तरी ती हलली नाही. आणि मग भोंगा वाजला. खेळ संपला होता, त्या जिंकल्या होत्या.

मैत्रिणी अंगावर येऊन पडल्या. केली रडत होती. हिबा धावत आली, "मम्मा, यू डिड इट! यू डिडन्ट थ्रो!" एवढं सगळं झालं तरी सुमैय्याने चेंडू सोडला नव्हता. तो तसाच पोटाशी धरून ती दोरीपाशी गेली. इतका आनंद तिला कधीच झाला नव्हता, आणि तो ठेवायचा कुठे हे तिला समजत नव्हतं.

"अम्मी," ती म्हणाली, "आता?"

"आता कसली भीती? खेळ खलास झाला ना?" अम्मी म्हणाल्या. "उडव."

सुमैय्याने चेंडू सगळ्या ताकदीने आभाळात भिरकावला आणि भावांच्या नावाने ओरडली, "खलास!" चेंडू वर गेला, वळला, खाली येऊ लागला. अम्मी गुडघे विसरून खुर्चीतून उठल्या, ओढणी पसरली, आणि तो लांबोडका चेंडू बरोबर ओढणीत पडला. त्यांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तो पुन्हा आभाळात फेकून दिला.