साठ टक्के मोतीराम

रोहिणखेडच्या मोतीरामची पेटी भीमगीतांच्या कार्यक्रमांत नाव कमावून होती, ते मुख्यतः वेगामुळे. गाणाऱ्या नागसेनला दम लागायचा, ढोलकीवाल्याचे हात भरून यायचे, पण मोतीराम कुणासाठी थांबला नाही. पुढे त्याला लकवा मारला आणि उजवा हात जिथं ठेवावा तिथंच राहू लागला. गायन पार्टी दुसरा पेटीवाला शोधू लागली. पेटीवाले होते, पण मोतीरामच्या चाली त्यांना येत नव्हत्या. मोतीराम शिकवू शकत नव्हता. त्याला वाजवता यायचं, सांगता येत नव्हतं.

तेव्हा त्याची बायको चांगुणा म्हणाली, मी शिकीन.

ती अंगणवाडीतून नुकतीच निवृत्त झालेली. लेकरांच्या बडबडगीतांपलीकडे तिचा गाण्याशी संबंध नव्हता. लकव्यानं मोतीरामच्या तोंडाची एकच बाजू हसायची, ती तेवढी हसली.

पार्टीनं कधीकाळी खामगावात केलेली सीडी घरात होती. चांगुणानं ती लावली आणि पट्ट्यांवर बोटं ठेवली, तोवर मोतीराम अंतरा संपवून पुढे गेलेला. चार-पाचदा असंच झालं. मग सुट्टीत आलेल्या लेकीनं, धम्मशीलानं, आपल्या नाचाच्या क्लासमधला जुना सीडी प्लेअर आणला. त्याला एक मोठं बटण होतं. ते फिरवलं की गाण्याचा वेग उतरायचा, सूर मात्र होता तिथंच राहायचा. धम्मशीला म्हणाली, हे मोबाईलवरही होतं. चांगुणाला फिरवायचं बटण बरं वाटलं.

साठ टक्क्यांवर मोतीरामची पेटी पाण्यावर निघालेल्या म्हशीसारखी चालू लागली. चांगुणाला एकेक बोट ऐकू येऊ लागलं. अडचण भात्याची होती. तिचे दोन हात एकमेकांचं ऐकत नव्हते. मोतीराम समोर येऊन बसला आणि डाव्या हातानं भाता हलवू लागला.

असे ते रोज सकाळी बसत. एकदा अंतऱ्यात चांगुणा थांबली. तिनं गाणं मागे घेतलं, पुन्हा ऐकलं. एका ठिकाणी मोतीरामचं बोट भलत्याच पट्टीवर पडत होतं. पूर्ण वेगात हे कधी कुणाला कळलं नव्हतं.

"मशीन खराब हाये," मोतीराम म्हणाला.

चांगुणानं दुसरं गाणं लावलं. तिथंही तेच बोट, तीच हुकलेली पट्टी. मोतीरामनं भाता सोडला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. ती एकटीच पेटीसमोर राहिली. आपण नवऱ्याची चूक पकडली याचा आनंद व्हावा एवढी वर्षं संसारात गेली होती, पण झाला नाही. त्या हाताला आता चूक करणंही जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला.

"लाव पुन्हा," तो म्हणाला. "आणखीन हळू कर."

पन्नास टक्क्यांवर तो स्वतःचा हात ऐकत बसला. मग म्हणाला, इथं करंगळी नको, शेजारचं बोट घे. त्यानं कुणाला काही सांगितल्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर तो इतकं सांगू लागला की चांगुणाला सीडीवरचा मोतीराम बरा वाटू लागला.

बुद्ध पौर्णिमेपर्यंत ती पंचाहत्तर टक्क्यांवर पोचली. नागसेननं विचारलं, बाकीचे पंचवीस कुठं आहेत? ती म्हणाली, "मशीनमधी हायेत. बोटात नाहीत."

विहारासमोरच्या मंचावर नवरा-बायको एका पेटीला बसले. ढोलकीवाला सवयीनं जुन्या वेगात सुटला. चांगुणा मागे पडणार तोच मोतीरामनं भाता थांबवला. पेटी मुकी झाली. नागसेन थांबला, ढोलकी थांबली, लोक बघू लागले. मोतीरामनं डाव्या हाताच्या बोटानं मांडीवर नवी लय दाखवली. ढोलकीवाल्यानं ती मुकाट्यानं घेतली.

कार्यक्रम नेहमीपेक्षा बराच उशिरा संपला. पुढच्या रांगेत बसणारी म्हातारी तानुबाई मंचाशी आली.

"आज सारे शब्द समजले," ती चांगुणाला म्हणाली. "दुसरं कडवं काही खास नाही."

नागसेनला ते लागलं. दुसरं कडवं त्यानं स्वतः लिहिलेलं होतं.