रातवा दिसला का?

वसई-विरारच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं, कारण मी रोज 'शुभ सकाळ' पाठवायचे. ग्रुपवर फक्त पक्षी, बाकी काही नाही, असा नियम होता. मी निवृत्त शिक्षिका. सकाळी उठून माणसांना काही न म्हणता एकदम 'वटारच्या तळ्यावर हळदीकुंकू बदकं' असं लिहिणं मला जमत नाही.

ॲडमिन विरारचे. वयाने माझ्या मुलाएवढे, पण कॅमेऱ्याची लेन्स दुधी भोपळ्याएवढी आणि रुबाब त्याहून मोठा. मला राग आला आणि वाईटही वाटलं. गुडघे बोलायला लागल्यापासून माझं हिंडणं बंद झालं होतं. कुणाला कुठे काय दिसलं हे वाचणं, हेच माझं हिंडणं. मला परत आत जायचंच होतं.

थंडीत एका सकाळी स्वयंपाकघरात वाल सोलत होते. आमची इमारत गिरीजला, मागे केळी-नारळाची वाडी आणि खिडकीसमोर तिथला आंबा. त्याची एक फांदी मधेच जाड झालेली दिसली. काल ती तशी नव्हती. दुर्बीण लावली, तर रातवा. हा रात्री उडतो आणि दिवसभर फांदीला चिकटून झोपतो. रंग अगदी सालीचा. मी स्टेटस ठेवलं, 'आमच्या खिडकीत रातवा आलाय.'

पोळ्या व्हायच्या आत ॲडमिनचा फोन. "काकू, लोकेशन टाकता का ग्रुपवर?"

"टाकलं असतं हो. पण मी ग्रुपवर कुठे आहे?"

तासाभरात स्वारी लेन्ससकट माझ्या ओट्याशी. गज धरून, वाकून, टाचा उंचावून त्यांनी आंबा पानापानाने पाहिला.

"कुठे आहे?"

"समोर."

"उडाला वाटतं."

"छे. झोपलाय."

मी चहा केला. तो गार झाला, त्यावर साय आली. मी वाल सोलत राहिले. शेवटी त्यांनी लेन्स खाली ठेवली, खिशातून फोन काढला आणि माझा फोन टिंग वाजला. मला ग्रुपमध्ये घेतलं होतं. मग मी बोटाने फांदी दाखवली.

दुसऱ्या दिवशी मी रातव्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'शुभ सकाळ. शोधा पाहू.' पक्षी होता, म्हणजे नियम पाळला होता. दिवसभर लोक लाल गोल करकरून विचारत होते, हा का? संध्याकाळी ॲडमिननी ऐटीत बरोबर जागा दाखवली. मग हा खेळ रोजचाच झाला.

आठवडाभराने रातवा निघून गेला. पण हाताला सवय लागली होती. मी रिकाम्या फांदीचा फोटो टाकला, 'शुभ सकाळ. शोधा पाहू.'

पहिलं उत्तर ॲडमिनचं. 'मस्त. आज तोंड डावीकडे केलंय.' लाल गोलही काढला होता, अगदी नेटका. त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनाही तो दिसला.

दुपारी मी त्यांना एकट्यांना लिहिलं, 'रातवा कालच गेला. ग्रुपवर कळवू का?' निळ्या खुणा उमटल्या.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर टपोरा गुलाब पाठवला, दवबिंदूंसकट. पक्ष्याचं त्यात नाव नाही. मग ॲडमिननी लिहिलं, 'शुभ सकाळ, काकू.'