तुमचाच समजा

वाशी गावच्या गोजराबाईला कुणी कधी गप्प केलं नव्हतं. सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती नव्या वाशीच्या इमारतींत शिरली, की वरच्या मजल्यावरच्या बायकासुद्धा मुकाट्यानं खाली यायच्या. भाव तिचा, आणि शेवटचा शब्दही तिचाच.

अशा बाईच्या दारात त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात जाईबाईनं आपला कुत्रा आणून बांधला. जाईबाई जालन्याकडची, नवरा वाशीत कारकून. गावाकडं सासू अंथरुणाला खिळली होती, जाणं भाग होतं, आणि नवरा दिवसभर कचेरीत. "गोजराताई, डब्बूला ठेवता का? तुमचाच समजा."

गोजरानं समजला. चांगलाच समजला! विधवा बाई, घरात दुसरं माणूस नाही. आता तिच्या ताटाशेजारी त्याची थाळी लागू लागली. 'चल' म्हटलं की डब्बू पाटीमागं चालायचा, 'बस' म्हटलं की बसायचा.

दिवाळी झाली आणि जाईबाई साखळी घेऊन दारात उभी राहिली. गोजराचा आवाज खणखणीत. "ती साखळी कशाला? तुमीच बोल्लाव ना, तुमचाच समजा? मग डब्बू माझा हाय."

शेजारची भागीरथी कमरेवर हात ठेवून हजर! "बरोबर हाय गोजरा! शब्द म्हंजे शब्द!"

जाईबाईचे डोळे भरून आले. "बोलले होते खरी," एवढंच म्हणून ती वळली. भांडली असती तर गोजरानं तिला पुरून उरून दाखवलं असतं.

पण भांडणच नाही म्हटल्यावर गोजराला तो शब्द टोचायला लागला. नव्या वाशीसाठी तिचं शेत सरकारजमा झालं, तेव्हा बांधावर उभा राहून एक साहेब हसत म्हणाला होता, "बुलडोझर येईपर्यंत तुमचंच समजा." तिनं समजलं, भात लावलं. भात पोटरीला आलं आणि बुलडोझर आला.

"ओ जाईबाई!" ती ओरडली. "आपलं असतं त्याला कोन 'समजा' बोलतं का? न्या तुमचा कुत्रा!"

भागीरथीनं तोंडात बोटच घातलं.

जाईबाईनं साखळी अडकवली, पण डब्बू हलेना. चुचकारलं, ओढलं, बिस्कीट दाखवलं. तो आपला गोजराकडं बघत बसलेला. गोजरानं पदरानं नाक पुसलं आणि रोजच्या दरडावणीनं म्हणाली, "डब्बू, जा!"

तो तिचं कधी मोडत नसे. उठला आणि गेला.