एका जनुकाचं बटण

संक्रांतीच्या दिवशी गुरुग्रामच्या मेट्रोत एक आजी शेजारी बसल्या. गळ्यातल्या ओळखपत्रावरचं माझं आडनाव वाचून म्हणाल्या, "बाळा, मराठी ना? पानिपतहून येतेय. काला अंबची, आपली माणसं लढून पडली तिथली माती घेतलीय." पदराची गाठ त्या सारखी चाचपत होत्या.

समोर प्रयोगशाळेतला सहकारी उभा होता. मराठी कळत नसल्यासारखं मी नुसतं "जी?" म्हणालो आणि त्याला हिंदीत आमचं काम सांगत राहिलो. मलेरियाचा परजीवी माणसाच्या रक्तात वाढतो. पण एका जनुकाचं बटण दाबलं गेलं की काही परजीवी रूप बदलून डासात जायला तयार होतात.

तेवढ्यात फोन वाजला. "हो गं आई, निघालोय," मी बोलून गेलो आणि माझे कान तापले.

आजी हसल्या. "एवढी हिंदी कळते हो मला. तुझ्या त्या किड्यासारखंच झालं की रे! आईचा आवाज आला नि बटण दाबलं गेलं."

मी फोन खिशात टाकला. उतरताना त्यांनी माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली.

"तिळगूळ घे. गोड नाही बोललास तरी चालेल, नुसतं बोल."

आणि माझ्या तोंडून निघालं, "थँक्यू, आंटीजी."