आपला आला!

नानांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, आणि तिसगावच्या व्हिडिओत इंग्रजी पिक्चर लोकांना समजावून सांगायचं काम त्यांच्याकडेच होतं. बाजारतळामागे पत्र्याचं शेड, खाली ताडपत्री, पुढे मोठा टीव्ही. मालक टीव्हीचा आवाज बंद ठेवी आणि शेजारी उभे राहून नाना मुखवटेवाल्या हिरोची गोष्ट आमच्या बोलीत सांगत. कुणी डिवचलं, "नाना, इंग्रजी येती का तुमाला?" तर म्हणत, "आन् त्याला मराठी येती का? मग? दोघं बी बराबरीचेच."

वर्षातले काही महिने नाना ऊसतोडीला जात. त्यामुळे त्यांच्या पिक्चरमधला खलनायक कायम मुकादम असे. तो काळ्या कोटात उंच इमारतीवर उभा असला तरी बोले मात्र, "कोयता घे न्हाई तर खोपी मोकळी कर." एका बाजारच्या दिवशी खराच एक मुकादम चिडून शेडमध्ये आला. "नाना, मला कशाला पिच्चरमधी घेतलं?" नाना शांतपणे म्हणाले, "आमी कुनाचं नाव घेतलं न्हाई. तुमी सोताहून आला व्हय!" शेड इतकं हसलं की मुकादमही शेवटी खाली बसला आणि पिक्चर बघून गेला.

हिरोला मात्र नानांनी कधी नाव दिलं नाही. तो छपरावर दिसला की ते पोटातून आवाज काढत, "आपला आला!" एकदा एका म्हाताऱ्यानं मनापासून विचारलं, "नाना, पर ह्यो कुनातला?" आमच्याकडे नवा माणूस भेटला की पाण्याच्या तांब्याआधी हा प्रश्न येतो, म्हणून कुणी हसलं नाही. सगळे उत्तराची वाट पाहू लागले. नाना म्हणाले, "तात्या, तेवढ्यासाठीच तर त्यानं मुखवटा घातलाय."

मी वस्तीतला. शेडमध्ये कुणी सांगितलं नसलं तरी गावातली पोरं पुढे आणि आम्ही मागे बसायचो. सोसायटीत, ग्रामपंचायतीत कुणी "आपला माणूस" म्हणालं की आम्ही त्यात नसतो, हे आम्हाला लहानपणीच कळलेलं होतं. फक्त नानांनी "आपला" म्हटलं की मागची रांगही शिट्ट्या मारायची. मी भाषणं पुष्कळ ऐकलीत, दिलीही आहेत. पण माझ्या गावात सगळ्यांचा म्हणून वापरलेला तो शब्द मी त्या शेडबाहेर कधी ऐकला नाही.

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पुस्तिकांचे गठ्ठे होते. बाबा जयंतीला त्यांचा स्टॉल लावत. नाना गावातले असूनही तिथे येत, पुस्तिका हातात घेत आणि म्हणत, "वाचून दाखवा, नवीन काय आलंय त्ये." बाबा वाचत, नाना उकिडवे बसून ऐकत. पुढच्या बाजारी मुखवटेवाला छपरावर उभा राहून मुकादमाला तीच वाक्यं ऐकवी. पाणवठा कुणाच्या बापाचा नाही, हे मी आधी त्याच्या तोंडून ऐकलं आणि मग बाबांच्या.

मोबाईल आले, शेड बंद पडलं, तिथे खताचं दुकान झालं. नाना थकले होते. दुपारी स्टँडवर बसत. कुणी त्यांना काही सांगा म्हणत नव्हतं.

मुंबई-पुण्यापेक्षाही दूर कुठेतरी तोवर ठरलं होतं, की तोच मुखवटेवाला, त्याच जुन्या नटाला घेऊन परत आणायचा. नट म्हातारा झाला होता. पण आमच्या पिढीचं बालपण त्याच्या चेहऱ्याला चिकटलेलं, आणि ते विकत घ्यायला आम्ही रांग लावणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. या नव्या पिक्चरांत मुखवटा फक्त काढण्यासाठी असतो. चेहऱ्याला शिट्ट्या पडतात. तो काय करतो, कुणासाठी करतो, हे कुणी विचारत नाही.

हे आमच्या भाऊंना बरोबर कळलं. भाऊ म्हणजे निवडणुकीत पडलेले आमच्या भागातले पुढारी. जयंतीची मिरवणूक बाजारपेठेतून न्यायची नाही म्हणून ज्यांची माणसं आडवी झाली होती, ते हेच. वाढदिवसाला त्यांनी बाजारतळावर हा पिक्चर मोफत ठेवला. फ्लेक्सवर मुखवटेवाल्याचं धड आणि त्यावर भाऊंचं तोंड. खाली 'जुन्या आठवणी, तोच आवाज' आणि कोपऱ्यात नानांचा फोटो.

मी नानांच्या घरी गेलो.

"नाना, तुम्ही बोलणार?"

"पिच्चर सांगायचा हाय, लेका. दुसरं काय?"

"आणि भाऊ स्टेजवर आले की?"

"त्यांची मानसं म्हनत्यात, तवाच्यावानी आरोळी द्या."

"ती आरोळी त्यांची नाही, नाना. त्यांच्या माणसांनी बाबांना बाजारपेठेच्या तोंडाशी ढकललं होतं. तुम्ही बघितलंय."

"बघितलंय." मग हळूच म्हणाले, "पर इतक्या वर्सांत मला बोल म्हनून कोन आलं, सांग. तू बी न्हाई आलास."

ते खरं होतं. तरी मी म्हणालो, "तो शब्द तेवढा देऊ नका."

"बघू," नाना म्हणाले.

संध्याकाळी बाजारतळ भरला. वस्ती मागेच बसली होती, बाबाही होते. नानांना माईक दिला. पहिला अर्धा तास त्यांनी जुन्यासारखा गाजवला. मुकादम आला, कोयता आला. माझ्या शेजारच्या बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. मला वाटलं, जमतंय. मग पडद्यावर म्हाताऱ्या नटानं मुखवटा काढला, कार्यकर्त्यांनी पिक्चर तिथेच थांबवला आणि भाऊ हात जोडून स्टेजवर चढले. नानांच्या बाजूला उभा असलेला कार्यकर्ता त्यांच्या कानाशी वाकला.

नानांनी माईक तोंडाजवळ धरला. मग तोच पोटातला आवाज आला, "आपला आला!"

पुढचं मैदान उसळलं. बाबांनी मांडीवरची टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि उठले. त्यांच्यामागे वस्ती उठली. कुणी घोषणा दिली नाही. पोरं मात्र रडत होती, पिक्चर अर्धा राहिला म्हणून.

जुन्या आठवणी कुणी फुकट वाटू लागला, की त्यावर कुणाचं तोंड चिकटवलंय ते आधी बघावं, असं मी त्यानंतर जिथे-तिथे लिहिलं. भाऊंवर लिहिलं, त्या नटावर लिहिलं. नानांवर लिहायला हात धजावत नव्हता. भाऊ पुढे निवडून आले. आता त्यांच्या फ्लेक्सवर नावही नसतं. नुसता चेहरा आणि खाली 'आपला'. गावात त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

त्या कार्यक्रमानंतरच्या बाजारी नाना मला स्टँडवर भेटले. अंगात भाऊंनी दिलेला पांढरा सदरा होता. मला वाटलं, काहीतरी बोलतील, निदान मान खाली घालतील. त्यांनी माझं मनगट धरलं आणि पोरासारख्या उत्सुकतेनं विचारलं,

"आवाज कसा हुता रं? मागपत्तुर आला का?"

"आला, नाना," मी म्हणालो. "आम्ही उठून चाललो होतो, तरी येत होता."