दहामिनिटं काकांची घंटा

गुरुवारची सकाळ. एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, आणि आमचे हे आतून विचारताहेत, "अगं, निळा मोजा एकच कसा?" "मग एकच पाय घेऊन जा," असं मी म्हणतेय तोवर दारावर टकटक झाली. दार उघडलं तर आमच्या शाळेचे जुने शिपाई काका. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेला कागद.

"काका, बेल आहे की बाजूला!"

"असू दे ताई. घंटेला हात लावायची सवय मोडलीय."

ते हसले. मला हसू आलं नाही. तेवढ्यात दूध उतू गेलं.

आमच्या सरकारी हायस्कुलाला यंदा पंचाहत्तर वर्षं झाली. स्मरणिकेत शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण समितीतल्या वर्गमैत्रिणीच्या मते मी "घरीच असते". धान्याच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत सव्वीस मुलांनिशी भरलेली शाळा, पाचव्या वर्षी मिळालेली इमारत, आणि पहिल्या हेडमास्तरांचा नियम, सगळं लिहिलं. नियम असा: मनगटावरचं घड्याळ ज्याचं त्याचं, शाळेची वेळ म्हणजे घंटा. तो इतका मुरला होता की घंटा झाली की शिक्षक आपल्याच घड्याळाचे काटे फिरवून घेत. ही घंटा बारा वर्षं काकांच्या हातात होती. रोज सकाळी रेडिओवरची वेळ ऐकून ते ऑफिसबाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ लावत, काच पुसत, आणि मग त्याच्याखाली स्टुलावर बसत. आधी नजर काट्यावर, मग टोल.

त्यापुढे मी एक गंमत लिहिली. एकदा काकांना डुलकी लागली, दचकून उठले आणि घंटा दहा मिनिटं आधीच देऊन बसले. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं दहामिनिटं. समितीच्या बैठकीत हशा पिकला. मीही हसले.

काकांनी आत येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद उलगडला. तेच पान होतं.

"नात नववीला आहे आपल्याच शाळेत. हे तपासायला मुलांकडे दिलं होतं म्हणे. छान लिहिलंयत. पोट धरून हसली. मग म्हणाली, आजोबा, खरंच झोपला होतात?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? एक वाजलेला मी पाहिला, असं मला वाटतं. पण हेडमास्तरांनी घड्याळासमोर उभं केलं तेव्हा एकला आठ कमी होते. शेजारी तपासणीला आलेले साहेब. नंतर डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नजर लख्ख आहे. म्हणजे झोपच लागली असणार. पण आठवत नाही हो." त्यांनी डुलकीच्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही लिहिलंय म्हणजे कुणाला तरी विचारलं असेल. मला झोपलेलं कुणी पाहिलं होतं, ताई?"

कुणीच पाहिलं नव्हतं. डुलकी मी घातली होती, चवीपुरती.

मी आठवीत होते. गणिताच्या बाई हजेरीच्या क्रमाने एकेकाला फळ्याशी उभं करत होत्या. माझा नंबर एकतीस, गाडी सव्विसावर आलेली, आणि मला अवयवांचं एक गणित येईल तर शपथ. बाईंनी मलाच खडू आणायला धाडलं. व्हरांड्यात काका नव्हते. सूचनावही घेऊन वर्गावर्गांत सह्या घेत फिरत होते. मी स्टुलावर चढले, काच उघडली आणि मोठा काटा दोन आकडे पुढे ढकलला. अठ्ठाविसाव्या नंबरावर मधल्या सुट्टीची घंटा झाली. सुटले.

दहावीची पूर्वपरीक्षा त्याच घंटेवर चालू आहे, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. भूमितीचे पेपर मुलांच्या हातातून ओढून घेत होते. सरांच्या मनगटावर घड्याळ होतं, पण घंटा झाली म्हणजे झाली. काका नेहमीप्रमाणे गठ्ठे बांधायला तिकडे गेलेले, बाकी सगळे नळावर. माझं धाबं दणाणलं. पुन्हा चढले आणि काटा दोन आकडे मागे आणून ठेवला. वाटलं, निस्तरलं. काकांच्या बाजूने साक्ष देणारं ते घड्याळ एकच होतं. त्याचंच तोंड मी बंद केलं.

माझी थोरली बहीण त्याच दहावीत होती. घरी जेवताना तिचं रडणं थांबेना. "शेवटचं प्रमेय राहिलं, त्या आंधळ्या माणसामुळे!" आई म्हणाली, "डोळे फुटले होते का मेल्याचे?" मी खाली मान घालून जेवले. वर आणखी वाढूनही घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून घंटा क्लार्ककडे गेली, पुढे विजेची आली. काकांच्या वाट्याला प्रयोगशाळेतल्या काचनळ्या धुणं आणि बागेला पाणी. मुलं मागून ओरडायची, "ओ दहामिनिटं!" मीही ओरडले आहे. घोळक्यात, पण ओरडले आहे.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. तोंडाकडे बघवेना, म्हणून ओट्यावरचं दूध पुसत सांगितलं. मोज्याचा शोध थांबला होता. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, एका पायात मोजा घालून. लग्नाला चोवीस वर्षं झाली, यांनाही मी कधी बोलले नव्हते.

काकांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काटा पुढे होता?"

"हो."

"मग मी एक वाजलेला पाहिला, तो..."

"घड्याळात एकच वाजला होता, काका."

त्यांनी सावकाश मान हलवली. "छत्तीस वर्षं झाली. अजून नातीला घेऊन रस्ता ओलांडायचा तर सुनेला विचारतो, गाडी येत नाहीये ना गं? ती म्हणते, मामंजी, तुम्हाला माझ्याहून जास्त दिसतं."

"मी ते पान काढून टाकते," मी म्हणाले. "सगळं खरं लिहिते, माझ्या नावासकट."

"तुमच्या नावाचं तुम्ही बघा. पान काढू नका. दहामिनिटं पण राहू दे, त्याची सवय झालीय." त्यांनी खिशातलं पेन काढून कागदावर ठेवलं आणि दोन्ही माझ्याकडे सरकवले. "डुलकी खोडा आणि तिथे एवढंच घाला, ताई: घंटा देण्याआधी त्यांनी घड्याळ पाहिलं होतं."