काकाजींची उभी मोटर

जगात कोणाचीही मोटर दान करावी, पण माझ्या चुलतसासऱ्यांची करू नये. आणि मी नेमकी तीच, त्यांना एका शब्दाने न विचारता, भर सभेत दान करून टाकली. नातवंडं हल्ली विचारतात, "आजी, तू पहिल्यापासूनच एवढी हुशार होतीस का गं?" मी त्यांच्या हातावर लाडू ठेवते आणि विषय बदलते. खरं सांगायचं तर ऐंशीच्या त्या सालांत माझ्याइतकी शहाणी मूर्ख बाई दिघोरी-लाखांदूरच्या पट्ट्यात दुसरी नव्हती. नागपूरचं माहेर, मॅट्रिकचा दाखला, आणि वर गावच्या महिला मंडळाचं उपाध्यक्षपद! अध्यक्षबाई कायम आजारी असायच्या, त्यामुळे देशाची प्रगती आपल्याच पदरावर अडली आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

चुलतसासऱ्यांना घरात सगळे काकाजी म्हणत. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी अंगकाठी, गुडघ्याशी थांबणारं धोतर आणि सदऱ्याच्या खिशात दोन फडकी; एक चष्म्याचं, एक मोटरीचं. मोटरीचं फडकं रोज धुतलं जाई. चष्म्याचं धुतलेलं मी कधी पाहिलं नाही, त्यामुळे मोटर किती लख्ख आहे हे त्यांना स्वतःला कितपत दिसे देव जाणे. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवरचा कोणी साहेब गाशा गुंडाळून निघाला होता, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. रंग बाटलीसारखा हिरवा, डोळे बेडकासारखे आणि दाराबाहेर रबरी भोंपू. साहेबाचा ड्रायव्हर त्यांना चालवायला शिकवायला म्हणून राहिला होता, पण गाडी मागे कशी घ्यायची हा धडा यायच्या आतच तो बायकोच्या बाळंतपणाला गावी गेला तो गेलाच. परिणामी काकाजींची मोटर जन्मात कधी मागे गेली नाही. दिघोरीहून परतायचं म्हटलं की वळायला ऐसपैस जागा मिळेपर्यंत ते पुढे पुढे जात राहायचे, आणि अशी जागा पुष्कळदा लाखांदुरातच मिळायची. एकदा एकोडीच्या एका लग्नात त्यांनी मोटर बोळातून थेट मांडवाच्या तोंडाशी नेऊन लावली. निघताना पुढे मांडव आणि मागे अख्खा बोळ मोकळा. लोक म्हणाले, "काकाजी, जराशी मागं घ्या ना." काकाजी म्हणाले, "मागं जाणं आपल्याले जमत नाही. मांडव सोडा." लग्न लागून पंगती उठल्या होत्या म्हणून निभावलं. मांडवाच्या बल्ल्या उपटल्या गेल्या, काकाजी भोंपू वाजवत मधून पार झाले, आणि नवरानवरी एखाद्या मिरवणुकीला करावा तसा बाजूला उभी राहून नमस्कार करत होती.

मोटरीत बसायचं तर आधी पाय धुवायचे, हा नियम. आमच्याकडचा चिखल म्हणजे धानाच्या बांध्यांतला, भातखाचरांतला चिखल, घोट्याला लागला की नातं जोडल्यासारखा चिकटतो. म्हणून मागच्या बंपरला पाण्याचा गडवा टांगलेला असे आणि दस्तुरखुद्द सरपंचांनाही पाय धुतल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. वेग बैलगाडीहून थोडा अधिक. मागून एस.टी. हॉर्न वाजवून वाजवून दमे, तेव्हा काकाजी खिडकीतून हात काढून सांगत, "तुले टाइम आहे, मले मर्जी आहे!" एका पोळ्याला तर त्यांनी मोटरीला झूल घातली, कपाळाला, म्हणजे बॉनेटला, बेगड चिकटवली आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेत नेऊन उभी केली. लोकांनी हरकत घेतली तर म्हणाले, "बैल नांगर वढते, हे मले वढते. मंग इचा पोळा कायले नाही?" लोकांनी तिला रांगेत जागा करून दिली. पण मानाचा भोंपू वाजला मात्र, आणि सगळे बैल तोरणासकट आपापल्या घरी गेले.

एवढी हौसेची मोटर त्यांनी घेतली होती ती काकींसाठी, आणि काकींना गाडी लागायची. पहिल्याच फेरीत गावाची वेस ओलांडायच्या आत त्यांनी मोटर थांबवायला लावली आणि लिंबू चोखत पायी घरी आल्या. त्यानंतर चालत्या मोटरीत त्या कधी बसल्या नाहीत. पण दुपारची कामं आवरली की गोठ्याशेजारच्या छपरात उभ्या असलेल्या मोटरीत मागच्या सीटवर जाऊन बसायच्या. रीतसर पाय धुऊन, सुपारी कातरत, काचेतून समोरच्या शेणाच्या ढिगाकडे बघत. सारं गाव हसायचं. मी नवी सून, सगळ्यांत पुढे उभी राहून हसायची. काकी गेल्या तेव्हापासून काकाजींनी मागच्या सीटवर कोणाला बसू दिलं नाही, आणि हळूहळू मोटर बाहेर काढणंही सोडलं. पुसायची मात्र रोज.

हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असूनही मी ते केलं. त्याचं असं झालं की भंडाऱ्याकडच्या एका सेवाभावी संस्थेला खेड्यापाड्यांतून फिरता दवाखाना सुरू करायचा होता. त्यांचे चिटणीस आमच्या गावी आले, देवळासमोर सभा झाली, आणि त्यांनी हात जोडून सांगितलं की डॉक्टर आहेत, औषधं आहेत, अडलंय ते वाहनापाशी. मी आभार मानायला उठले. आभार मानून बसायचं एवढंच काम. पण समोर लोक, पुढ्यात माईक, डोक्यावरचा पदर सरळ आणि अंगात उपाध्यक्षपद. तोंडातून निघून गेलं, "वाहनाची चिंता करू नका. आमच्या काकाजींची मोटर आम्ही संस्थेला दान देत आहोत!" टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांतच मला मागच्या ओळीत तंबाखू चोळणारे काकाजी दिसले. त्यांचा अंगठा तळहातावर थांबला होता. आमच्या ह्यांनी तर पायातल्या चपलांकडे पाहायला सुरुवात केली. काकाजी उठले, टोपी नीट केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सून बोलली म्हणजे घर बोललं. माही मोटर मागं जात नाही, तं जबान कशी जाईन?"

पुढचे काही दिवस काकाजींनी मोटर अशी धुतली की मुलीला सासरी पाठवतानाही कोणी न्हाऊ घालत नसेल. मग चिटणीस ड्रायव्हर घेऊन आले. ड्रायव्हरने खाली वाकून पाहिलं तर तळाला भोक, त्यातून कोंबडीचं पिल्लू वर आलं. चिटणिसांनी कागद मागितले. कागद जपलेले, कुंकू लावलेले. पण नोंदणीची मुदत केव्हाच संपून गेलेली. मोटर बाहेर निघत नव्हती, तर काकाजी कशाला ऑफिसची पायरी चढतील? "पुन्हा नोंदवायची तर भंडाऱ्याला नेऊन साहेबांना दाखवावी लागेल," चिटणीस अगदी ओशाळून म्हणाले, "आणि या अवस्थेत ते पास करणार नाहीत. भावना पोचली, काकाजी. मोटर नाही घेता येणार."

मला वाटलं सुटले! मोटर परत छपरात जाईल, मी काकाजींचे पाय धरीन, संपलं. कसचं काय. संस्थेच्या ड्रायव्हरने सुरू करून पाहायला म्हणून ती ढकलत वेशीवरच्या आंब्याखाली आणली होती, तिथून काकाजी तिला हात लावीनात. "काकाजी, घरी आणू या ना," मी म्हटलं. "काहून? देल्ली ना? गाय दान केली अन् ते भाकड निघाली, तं आपून वापस दावणीले बांधतो काय?" "पण त्यांनी घेतलीच नाही!" "तो त्याहीचा प्रश्न. माही नाही आता ते."

झालं. घेणारा घेईना, देणारा ठेवीना. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे काकाजी रोज संध्याकाळी त्या आंब्यावरून फिरायला जात. काचांवर पक्ष्यांनी घाण केलेली, पत्र्यावर धुळीत पोरांनी बोटांनी आपली नावं लिहिलेली. काकाजींचा हात खिशातल्या फडक्याकडे जाई, तिथेच थांबे, आणि मान दुसरीकडे वळवून ते पुढे जात. परक्याची वस्तू आपण कशी पुसायची? दोन टाळ्या पडाव्यात म्हणून मी एका म्हाताऱ्या माणसाचं दैवत रस्त्यावर मांडून ठेवलं होतं. जेवताना त्यांच्यासमोर भाजी वाढायला मला तोंड नव्हतं. ते मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मी निदान रडून मोकळी झाले असते.

तेवढ्यात रोवणी आली. रोवणी म्हणजे आमच्याकडे धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपं, उपटून बांध्यांत लावायचे दिवस. बाया सकाळपासून कमरेत वाकलेल्या, वरून धार, आणि त्यांची अंगावर पिणारी लेकरं धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, पळसाच्या पानांखाली नाही तर फाटक्या छत्रीखाली ठेवलेली. आंब्याला लागूनच आमच्या बांध्या. मी चहाची केटली घेऊन गेले तर रोवणारी धुरपता तान्हं छातीशी धरून मोटरीपाशी उभी. "बाई, हे मोटर आता कोनाची जी?"

"कोणाचीच नाही," मी सुस्कारा टाकला.

"मंग लेकरू ठेवू का इच्यात? वरतून पानी, खालतून चिखलगारा, पोरगं घुरघुर करून रायलं."

मी हो म्हटलं की नाही ते आठवत नाही. तिने दार उघडलंही होतं. मागच्या सीटवर, काकींच्या जागेवर, लुगड्याच्या घडीत पोरगं गाढ झोपलं. घटकाभरात आणखी दोन आली. आणि काकाजी त्या दिवशी नेमके दुपारीच आले. मोटरीचं दार उघडं, आत लेकरं, आणि धुरपताच्या पोराने सीटवर जे करायचं ते यथासांग केलेलं. बांधीतल्या बाया वाकल्या जागीच थांबल्या. मी केटलीच्या आड लपता येईल का ते पाहत होते.

काकाजींनी चष्मा पुसला. प्रथमच. मग विचारलं, "याचे पाय धुतले होते काय?"

धुरपता चिखलातूनच म्हणाली, "त्यानं अजून भुईवर पायच नाही ठेवला जी, बुवा."

 नियमाला असं बिनतोड उत्तर सरपंचांनाही सुचलं नव्हतं. काकाजी मोटरीच्या मागे गेले, बंपरचा गडवा सोडला, पावसाच्या पाण्याने भरला, आणि मागच्या सीटपाशी वाकून त्या पोराची मूठ एका बोटाने उघडली. तळव्यावर थेंबभर पाणी सोडलं, दान देताना सोडतात तसं. पोराने लगेच हात तोंडात घातला. "घेतली म्हण," काकाजी म्हणाले.

"घेतली!" धुरपता त्याच्या वतीने ओरडली.

"लागलं दान," म्हणून काकाजींनी सुटकेचा केवढा थोरला श्वास सोडला! मग खिशातलं फडकं काढून ते अदबीने उभे राहिले. "मालक तं झोपला आहे. मालकीणबाई, तुले पुसतो. हात लावू काय मोटरीले?"

धुरपता लाजली, म्हणाली, "लावा ना जी."

त्या दिवसापासून रोवणी जिकडे सरकेल तिकडे मोटर सरकू लागली. पुढे दोन हेले जुंपलेले, म्हणजे चिखलात न अडणारे रेडे, आणि स्टिअरिंगवर काकाजी. आमचे हे घाबरून म्हणाले, "काका, कागदाची मुदत संपली आहे!" काकाजी म्हणाले, "कागद सडकेचा. वावरातल्या पांधणीवर कोनता साहेब येते पायाले?" हेल्यांनाही मागे जाणं ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिघांचं उत्तम जमलं. पुढच्या वर्षी संस्थेने कुठून तरी जीप मिळवली, आणि चिटणिसांचा फिरता दवाखाना आमच्या न फिरत्या मोटरीपाशी येऊन थांबू लागला. लेकरं एकाच जागी सापडत, त्यांना डोस पाजणं सोपं जाई. नर्सबाईंनाही आत वाकण्याआधी पाय धुवावे लागत, हे सांगायला नकोच.

पहिल्याच वर्षाची रोवणी आटोपली त्या संध्याकाळी बाया हातपाय धुऊन निघायच्या तयारीत होत्या. मोटरीत एक जरा मोठं पोर स्टिअरिंगला लोंबकळून भुर्र करत होतं आणि बाकीची, थांबलेल्या मोटरीत, खिडकीतून हात हलवून आपापल्या आयांचा निरोप घेत होती. मला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून मी कसंबसं म्हटलं, "काकाजी, त्या दिवशी तुम्हाला न विचारता मी देऊन टाकली. चुकलंच माझं." त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. मागच्या सीटकडे पाहत, फडक्याची घडी करत ते म्हणाले, "हासू नोको, सूनबाई. तुही काकी म्हणे, उभ्या मोटरीत बसलं का लय दूर जाऊन आल्यावानी वाटते. तवा मी बी हासलोच होतो."